दोन लेथ, कागदावर चार

एलियामास्तरांना राग आला की ते बोलत नाहीत, लेथ पुसायला घेतात. गेल्या दोन वर्षांत नेवाशाबाहेरच्या त्या प्रशिक्षण केंद्रातले दोन्ही लेथ इतके लखलखीत झालेत, की त्यात बघून भांग पाडावा.

मास्तरांचं पूर्ण नाव एलिया भिंगारदिवे. नागापूरच्या एमआयडीसीत बावीस वर्षं टर्नर म्हणून काढली. लोखंडाचा गज लेथवर लावून केसाचाही फरक न पडता कातावा तर त्यांनीच. कंपनीनं ते काम बाहेर द्यायला सुरुवात केली, तेव्हा मास्तर या केंद्रात तासाच्या मानधनावर शिकवायला आले. मानधन दर चार महिन्यांनी येतं, आलं तर. पण एखाद्या पोराच्या हातून पहिला जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, बरोब्बर मापात उतरला, की मास्तर घरी जाऊन बायकोला, सिल्व्हियाला, तो प्रसंग दोनदा सांगतात. ती दोनदा ऐकून घेते.

केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, वीस पोरं, त्यात सहा मुली, आणि लेथ दोन. नियमानं हवेत चार. चार नसले तर मान्यता जाते. मान्यता गेली तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नसलं तर नागापूरच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा पोरांना आत सोडत नाही. सरकार म्हणतं, मशीन संस्थेनं आणावं. संस्था म्हणते, सरकारनं अनुदान द्यावं. भाषणाला उभे राहिले की मात्र दोघंही कौशल्य, कौशल्य म्हणून घसा कोरडा करतात. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! पोरांनी जेवायचं काय?

दोन वर्षांपूर्वी तपासणीचं पत्र आलं. संस्थेचे सचिव काकासाहेब पान चघळत शेडमध्ये आले.

"मास्तर, नागापूरचा त्यो रविराज तुमच्या वळखीचा हाय ना, वर्कशॉपवाला? दोन लेथ एका दिसापुरते आना की."

"उसने?"

"लग्नाला भांडी आनतो तशी. पंगत उठली की परत."

मास्तरांनी तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण वीस पोरांचं वर्ष वाया जाईल या भीतीनं ते हो म्हणून बसले. आणि एकदा हो म्हटल्यावर अर्धवट काम करायचा त्यांचा स्वभाव नाही. टेम्पोतून मशीन उतरवली, सिमेंटच्या रिकाम्या ओट्यांवर लेव्हल लावून बसवली, वर केंद्राचे नंबर रंगवले. खोटेपणासुद्धा आपण इतका चोख केला, याचा मास्तरांना आजही सगळ्यात जास्त संताप येतो. तपासणीच्या साहेबांनी चार लेथ मोजले, चार लिहिले, पोहे खाल्ले आणि गेले. संध्याकाळी टेम्पो नागापूरला परत.

पुढच्याच वर्षी योजना निघाली. केंद्रांना नवी मशीन मिळणार होती! मास्तरांनी अर्ज स्वतः लिहिला, नगरच्या कचेरीत तीन खेपा घातल्या, तिथल्या साहेबांच्या दाराशी तिष्ठत बसले. उत्तर आलं दोन ओळींचं. आपल्या केंद्रात नियमानुसार चार लेथ सुस्थितीत असल्यामुळे मागणी विचारात घेता येत नाही. सोबत तपासणीच्या अहवालाची प्रत होती, आणि तिच्यावर खाली मास्तरांचीच सही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या दिवशी मास्तरांनी लेथ चार वेळा पुसला.

एवढ्यावर भागलं असतं तरी मास्तरांनी गिळलं असतं. पण रेश्माचं झालं ते त्यांना गिळवेना.

रेश्मा सोनईची. आई बनुबाई दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढून तिला शिकवत होती. ड्रॉइंग वाचण्यात रेश्माचा हात धरणारं कुणी नव्हतं. सर्टिफिकेट घेऊन ती नागापूरच्या एका कंपनीत चाचणीला गेली आणि दुपारी तिथल्या सुपरवायझरचा मास्तरांना फोन आला.

"मास्तर, पोरगी हुशार आहे, तोंडी सगळं येतं. पण मशीनवर हात बसलेला नाही. दोन जॉब घालवले. वर्षात किती तास मशीन चालवलं हिनं?"

वीस पोरं, दोन मशीन, त्यात विजेचा खेळखंडोबा. मास्तर खरं तेच बोलले. "साठ असतील."

"मग सर्टिफिकेटवर सहाशे कसे?"

मास्तरांनी फोन ठेवला. आज रेश्मा त्याच कंपनीत आहे. खोकी चिकटवते.

यंदा पुन्हा तपासणी लागली. काकासाहेब पुन्हा पान चघळत आले. "टेम्पो सांगून ठिवलाय, मास्तर."

"टेम्पोत तुमीच बसा आन् जा कुठं जायचं तिकडं!" मास्तर असे ओरडले की शेडमधली पोरं काम सोडून बघायला लागली. "एकदा चार दाखवली, म्हणून चार मिळाली न्हाईत. आता दोनच दिसतील."

"केंद्र बंद पडंल."

"पडू द्या. निदान कशानं पडलं ते तरी लिहिलं जाईल."

तपासणीला साहेब मागच्या वेळचेच आले. मास्तरांनी त्यांना रिकाम्या ओट्यांपाशी नेलं आणि सगळं सांगितलं, आपल्या सहीसकट. साहेब शांतपणे म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. खरं लिहिलं असतं तर केंद्र त्याच वर्षी गेलं असतं. तुमच्यासारखी बरीच आहेत. कुणाकुणाचं लिहू?"

"मग वरती मशीनं मागा ना, साहेब!"

"मागायचा रकाना माझ्या फॉर्मात नाही. आहे का नाही, एवढंच लिहायचं."

मास्तरांच्या हाताच्या मुठी वळल्या, पण मारणार कुणाला? हा माणूस वाईट नव्हता. त्याला नुसतं मोजायला पाठवलं होतं.

महिन्याभरानं पत्र आलं. यंत्रसामग्री अपुरी, नवीन प्रवेश बंद. जुन्यांची परीक्षा झाली की शेडला कुलूप. काकासाहेबांनी गावभर सांगितलं, मास्तरानं केंद्र घालवलं.

दुसऱ्या दिवशी बनुबाई शेडच्या दारात उभी. एका हाती कागदांची पिशवी आणि मागं धाकटी दिशा, नुकतीच दहावी झालेली. तिचाही प्रवेश इथंच घ्यायचा म्हणून दोघी सोनईहून आल्या होत्या. बंदची बातमी त्यांना गेटवर कळली होती.

मास्तर घाईघाईनं सांगायला लागले. उसन्या मशीनचं, अहवालाचं, साहेबांच्या फॉर्माचं, सगळं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. "मी खोटं बोललो तवा रेश्माचं वाटोळं झालं. खरं बोललो तर दिशाचं झालं. बनुबाई, तुमीच सांगा, मी बोलायला काय पायजे हुतं?"

बनुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीचं तोंड आवळत म्हणाली, "बोलायचं ऱ्हाऊ द्या, मास्तर. हिनं शिकायचं कुठं, तेवढं सांगा."

मास्तरांनी दिशाकडं पाहिलं. मग फडकं उचलून ते लेथ पुसायला लागले.