नवरदेवाचा गळा

आता हे सांगू की नको? सांगितलं तर तुम्ही हसणार आणि नाही सांगितलं तर आमची सुनी सांगणार, तेही मीठमसाला लावून. त्यापेक्षा मीच सांगतो. चहा घ्या आधी. पण हसायचं असेल तर तोंड तिकडं करून हसा, कारण मला अजून लाज वाटते राव!

तर मी नुकताच एमबीबीएस झालो होतो. इंटर्नशिप संपवून पिंपरी पेंढारला घरी आलो होतो, पीजीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायला. एकच ध्यास, सर्जन व्हायचं! गावाला मात्र हे काही केल्या पटेना. "डॉक्टर झाला ना? मंग आता कसला आब्यास? नापास झाला का काय?" असं रोज कुणीतरी विचारायचं. समजावून सांगितलं की म्हणायचे, "हां, म्हंजे नापासच."

ती परीक्षा म्हणजे काय, माहितीये? एक प्रश्न, खाली चार पर्याय, त्यातला एक बरोबर. असे हजारो प्रश्न! सकाळ-संध्याकाळ तेच केल्यावर डोकं ठिकाणावर राहील का? मला माणसं दिसायची बंदच झाली, नुसते प्रश्न दिसायचे. एसटीचा कंडक्टर समोर उभा राहिला की मी त्याच्या पायाच्या शिरा बघायचो. शेजारची काकू वाटीभर साखर मागायला आली की माझ्या डोक्यात सुरू, 'चाळिशीची, गोरी, अंगानं भरलेली, चार पोरांची आई, म्हणजे पित्ताशयात खडे!' आई वैतागायची. "आरं, माणसाकडं माणसासारखं बघ की जरा!"

अशात सुनीला बघायला पाव्हणे यायचं ठरलं. सुनी माझी धाकटी बहीण. मुलगा खोडदचा, विलास नावाचा. शिकलेला, शेती बघणारा, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. सुनीनं त्याला चतुर्थीला ओझरच्या देवळात लांबून बघितलं होतं, आणि कुणी विचारलं नसताना "मला चालतंय" असं सांगून मोकळी झाली होती! अशी सोयरीक पुन्हा कुठं मिळणार? अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बजावलं, "तू नुसता बस. डॉक्टर भाऊ हाये एवढं दिसलं म्हंजे झालं."

काम केवढं? नुसतं बसायचं! तेवढंही मला जमलं नाही.

पाव्हणे आले. पोहे झाले. अण्णा विलासच्या वडिलांना कांद्याची चाळ दाखवायला घेऊन गेले. विलासची आई "जरा सैपाकघर बघते" म्हणून आत शिरली. जाता जाता अण्णा म्हणाले, "तुमी दोघं शिकलेली माणसं, बोलत बसा." पडवीत उरलो मी आणि विलास.

आणि माझं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. हातात पोह्यांची बशी, बशीत चमचा, आणि चमचा वाजतोय टर्रर्र! कपाळावर घाम. डोळे हे एवढाले. झालं! माझ्या डोक्यात प्रश्न छापून तयार. 'तरुण पुरुष, हातांना कंप, घाम, मोठे डोळे. निदान काय?' थायरॉईड! गळ्यातल्या ग्रंथीचा आजार! दुसरा पर्यायच नाही!

"छातीत धडधडतं का हो?" मी विचारलं.

"व्हतंय थोडं."

"झोप लागते?"

"आठवडा झाला, न्हाई लागत."

"वजन उतरलंय?"

"आई म्हणती उतरलंय."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एकेक लक्षण पुस्तकाबरहुकूम! मी म्हटलं, "हात पुढं करा. सरळ." केले बिचाऱ्यानं. तबकातलं विड्याचं पान उचलून त्याच्या बोटांवर ठेवलं. कंप असेल तर त्यानं नीट दिसतो. पान असं हलायला लागलं की बोटांवरून उडी मारून खाली पडलं.

"जीभ काढा."

काढली! पोरगं एका शब्दानं विचारीना. त्याला वाटलं, डॉक्टरांच्या घरची मुलगी करायची म्हणजे हीच रीत असेल.

आता गळा बघायचा राहिला. आणि इथं आम्हा डॉक्टर लोकांची एक पद्धत आहे, ती ऐका. ही ग्रंथी तपासायची ती माणसाच्या मागं उभं राहून. दोन्ही हात खांद्यावरून पुढं घ्यायचे, बोटं गळ्यावर ठेवायची, आणि आवंढा गिळायला सांगायचा. मी लगबगीनं उठलो, त्याच्या मागं गेलो, दोन्ही हात गळ्याला लावले आणि म्हणालो, "हं, गिळा आवंढा."

पण जीभ आत घ्या म्हणायला विसरलो! जीभ बाहेर ठेवून आवंढा गिळून बघा एकदा, म्हणजे कळेल. विलासच्या घशातून असा काही आवाज निघाला की मलाच दचकायला झालं. डोळे आणखी बाहेर आले, तोंड लाल झालं.

आणि नेमकी त्याच वेळी त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मागं चहाचा ट्रे घेऊन, डोक्यावर पदर घेतलेली आमची सुनी.

"आगं बया बया बया! माज्या पोराचा गळा दाबला गं ह्यानं!"

ट्रे खाली! कपबशांचा खळ्ळकन चुरा! चाळीतून अण्णा आणि विलासचे वडील पळत आले. आता मी काय करायला पाहिजे होतं? हात काढायला पाहिजे होते. साधी गोष्ट आहे ना? पण मी हात तसेच ठेवून म्हणालो, "एक मिनिट मावशी, गाठ आहे का बघतोय."

गाठ! अहो, आमच्याकडं 'गळ्यात गाठ' म्हटलं की त्याचा एकच अर्थ. त्या रोगाचं नावसुद्धा कुणी तोंडानं घेत नाही. ती माउली मटकन खालीच बसली. विलास काहीतरी सांगायला बघत होता, पण त्याला ठसका लागलेला. त्याचे वडील म्हणाले, "चला. उठा. आमाला न्हाई करायची ही सोयरीक." पान न खाता, पाणी न पिता पाव्हणे गेले.

दिवस मावळायच्या आत आळेफाट्यावर दोन बातम्या फिरत होत्या. एक, खोडदच्या विलासला गळ्याची गाठ आहे. दुसरी, पिंपरी पेंढारच्या डॉक्टरचं अभ्यासानं डोकं फिरलंय, आल्या पाव्हण्याचा गळा धरतो! म्हणजे बघा, त्याचंही लग्न अडलं आणि सुनीचंही. वेड्याच्या बहिणीला कोण करून घेणार?

आई म्हणाली, "सर्जन व्हायच्या आदीच कापलंस की रं आमाला!" आणि सुनी रडली. माझ्यासमोर नाही, गोठ्यात जाऊन रडली. पुस्तक उघडून बसलो, पण एक अक्षर दिसेना. असं वाटायचं, जमीन फाटावी आणि मी पुस्तकासकट आत जावं.

शेवटी अण्णांना घेऊन खोडदला गेलो, माफी मागायला. विलासच्या आईनं दारातच मला थांबवलं. "तू तिथंच उबा ऱ्हा. लांब."

विलास बाहेर आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "डॉक्टर, तुमी गळा बघितल्यापास्नं मला घास गिळताना अडकल्यावानी व्हतंय. भाकर कुस्करून खातोय."

"अहो, काही नाहीये तुम्हाला!"

"नक्की?"

"नक्की!"

"तवा पण तुमचं तोंड असंच 'नक्की' म्हणत व्हतं."

मग त्याला नारायणगावच्या एका जुन्या डॉक्टरांकडं नेलं. त्याची आई सोबत, माझ्या आणि त्याच्या मध्ये बसून. डॉक्टरांनी गळा बघितला, रक्त तपासायला लावलं. सगळं ठणठणीत! त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी हात लावलास तेव्हा याचे तळवे गरम होते की गार?"

"गार," मी म्हणालो. आणि म्हणताना कान लाल झाले. थायरॉईडमध्ये तळवे गरम असतात, घाबरलेल्या माणसाचे गार. हा प्रश्न मी त्याच दिवशी सकाळी सोडवला होता, आणि बरोबर सोडवला होता!

"मुलगी बघायला गेलेल्या पोराचे हात कापणार नाहीत तर काय करतील रे?" डॉक्टर म्हणाले. विलास खाली मान घालून पुटपुटला, "चतुर्थीला ओझरला मी पण बघितलं व्हतं त्यांना. नकार आला तर काय, म्हणून झोप लागंना." त्याच्या आईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग कपाळाला हात लावला. तिथंच सोयरीक पक्की झाली.

लग्न झालं, दणक्यात झालं. मांडवात ओळख करून द्यायचे, "हा नवरीचा भाऊ, डॉक्टर हाये," की खोडदकडची मंडळी नकळत उपरणी वर ओढायची. मग आली कानपिळीची वेळ. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, ही आपली रीतच आहे. मी हात पुढं केला, तशी विलासची आई भर मांडवात ओरडली, "कान पिळ बाबा, तुजा मान हाये. पर कानाच्या खाली उतरायचं न्हाई!" भटजींना मंगलाष्टकांचं पुस्तक तोंडापुढं धरून हसावं लागलं.

पुढं परीक्षा झाली, निकाल लागला. नंबर काही फार वर नव्हता. माझी पाळी येईपर्यंत सर्जरीच्या जागा संपल्या, जे उरलं त्यातलं घेतलं. विलासची आई सुनीला माहेरी सोडायला आली होती. आईनं तिच्या हातात पेढा ठेवला.

"मिळालं का रं मंग ते सर्जनचं?"

"नाही मावशी," मी म्हणालो, "कान-नाक-घसा मिळालं."

तिनं पेढा खाली ठेवला, पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतला आणि म्हणाली, "कान मी दिला व्हता रं बाबा. घसा कुणी दिला?"