अप्पांच्या गाडीवर घरची लाईट

चार माणसं एका ओट्यावर रोज बसायला लागली की किस्से आपोआप साचतात. आमच्या पालम गावच्या ओट्यावरचे निम्मे तर एकट्या अप्पांचेच! अप्पा आमचे शेजारी, धान्याचे आडते. गल्लीतली एकुलती एक मोटार त्यांची. लाईट मात्र सगळ्यांसारखीच, सारखी जाणारी. अप्पा म्हणायचे, "येलदरीच्या धरणावर वीज तयार होती म्हणं. पालमला येईपर्यंत थकती बिचारी!"

शेवटी त्यांनी हैदराबादहून इन्व्हर्टरची एक पेटी आणली. तिची एक वायर गाडीच्या बॅटरीला, दुसरी खिडकीतून घरात. झालं, घरची लाईट गाडीवर!

*

पहिला मान मिक्सरचा. अप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, भांड्यात शेंगदाणे टाकले, अप्पांनी ऐटीत बटण दाबलं. मिक्सर 'घुंऽऽ' करून थरथरला आणि पेटीनं मान टाकली.

"फ्यूज गेला वाटतं," अप्पा म्हणाले.

काकूंनी शेंगदाणे पाट्यावर ओतले. "ह्याचा न्हाई जात फ्यूज!"

*

टीव्ही मात्र झकास चालला. रविवारच्या पिक्चरला अख्खी गल्ली अप्पांच्या ओसरीत. पिक्चर संपला, अप्पांना एका लग्नाला निघायचं होतं, तर गाडी चालूच होईना. बॅटरी पार उतरलेली! लोक हळूच पांगायला लागले, तसा ड्रायव्हर महेबूब दारात आडवा उभा राहिला.

"कुटं निघाले? तिकीट द्या की!"

"कसलं तिकीट?"

"धक्का!"

*

अप्पांचा धाकटा भाऊ मुलगी बघायला निघाला आणि ऐन वेळेला लाईट गेली. सदरा चुरगळलेला. पेटीला इस्त्री लावली, गाडी चालू ठेवली. पण इस्त्री गार ती गारच. नवरदेव रडकुंडीला आला. महेबूबनं बॉनेटवर हात टेकवला आणि चटकन मागं घेतला.

"मालिक, सदरा इकडं आणा. इस्त्री तापंना, पण गाडी लय तापली!"

त्या बॉनेटवरच्या कडक सदऱ्यात लग्न जमलं.

*

एकदा व्याही पिंगळी स्टेशनवर उतरणार होते. अप्पांना उशीर झालेला. वायर काढायचं विसरून महेबूबनं गाडी सोडली, तसा टेबल फॅन खिडकीतून उडी मारून गाडीमागं निघाला! काकू दारात येऊन ओरडल्या, "आवो, व्याह्याला आणायला पंखा कशाला घेऊन चाललात?"

*

मग तो उन्हाळा. अप्पांची लेक सुनंदा बाळंतपणाला आली होती. दुपारी लाईट हमखास जायची आणि उकाड्यानं बाळ लालबुंद व्हायचं. रडून रडून त्याचा आवाज बसायचा. अप्पांनी गल्लीत गाडी लावून लांब वायर ओढली. गाडी चालू, पंखा चालू, बाळ शांत.

होता होता बाळाला त्या घरघरीचीच सवय लागली. लाईट आली म्हणून गाडी बंद केली, की पोर टक्क जागं! मग महेबूब नुसतीच गाडी चालू ठेवून बसायचा. काकू वैतागायच्या, "काय सारखी गाडी चालू ठेवायलास रे! कान किटले माझे!"

सुनंदा बाळाला घेऊन सासरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट होती, घरात पंखा फिरत होता. महेबूब बाहेर गाडी पुसत होता, आम्ही ओट्यावर. काकू दारात आल्या.

"महेबूब, जरा गाडी चालू कर रे."

"कुटं जायचंय, काकू?"

"कुटंच न्हाई. चालू कर."