पुढच्या वर्षीची मेथी

अन्याय झाला तो आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांवर, आणि झाला तो गेल्या मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता. त्या वेळी काका दूध आणायला गेले होते, हे मुद्दाम नोंदवते. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी दोन माणसं लावून गच्चीच्या जिन्यातले काकांचे अकरा लाल भोपळे उचलले आणि गेटपाशी एकावर एक रचले. दोन तडकले, एक गाईनं खाल्ला. गाईबद्दल माझी तक्रार नाही. भोपळा खायचा असतो हे या सगळ्या प्रकरणात फक्त तिलाच कळलं.

कारण काका खात नाहीत, साठवतात. गच्चीवर स्वतःच्या हातानं ताजी भाजी पिकवून वर्षभर जुनी खाणारा दुसरा माणूस अख्ख्या फरीदाबादेत दाखवा, मी ही असली पत्रकं वाटणं सोडून देईन. घरात कायदा एकच : आधी जुनं संपवा. आणि जुनं कधी संपत नाही, कारण काका रोज नवं आणून त्याचं जुनं करत असतात. आलं बादलीतल्या वाळूत, गाजरं दुसऱ्या बादलीतल्या वाळूत, लसणाच्या वेण्या पडद्याच्या दांडीला, आणि लिंबाच्या बरण्या इतक्या की पाहुण्यांना सोफ्याचं एकच टोक मिळतं. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, तारखेखाली सही. छत्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केलेला माणूस सहीशिवाय लोणचंसुद्धा मुरू देत नाही. भोपळे तर जुन्या शर्टांच्या चुंबळींवर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. का, विचारलं तर म्हणाले, "अगं, एकाला एक टेकले की दोघंही बिघडतात. ऑफिसात पाहिलंय मी."

मागच्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे जेवायला होते. गच्चीवर मेथी अशी माजली होती की खिडकीतून वास येत होता, आणि ताटात वाळवलेल्या मेथीची आमटी. मी म्हटलं, "काका, वर एवढी ताजी आहे ना?"

"ती पुढच्या वर्षीची आहे," काका म्हणाले.

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "विचार त्यांना, पुढच्या वर्षी मी असेन का!"

"तू असशील. तुझ्यासाठीच तर ठेवतोय," काका म्हणाले आणि शांतपणे भात कालवू लागले.

हे वेड आलं कुठून, ते काकूंनीच मला सांगितलं. दर तीन वर्षांनी बदली. प्रत्येक सरकारी क्वार्टरमागं काकांनी वाफे केले, आणि वेल भरात आला की नेमकी ऑर्डर यायची. ट्रकमध्ये कपाट जातं, वेल जात नाही. मग काका निघण्याआधी चार दिवस जे हाती लागेल ते तोडायचे, वाळवायचे, मुरवायचे, बरण्यांत भरायचे. नव्या गावात पहिले सहा महिने हे कुटुंब जुन्या गावातलं जेवायचं. फरीदाबादचा फ्लॅट हे त्यांचं पहिलं स्वतःचं घर. इथून बदली नाही. असं त्यांना वाटलं होतं, बिचाऱ्यांना.

मंगळवारी दूध घेऊन आलेल्या काकांनी गेटपाशी भोपळे पाहिले. सेक्रेटरीसाहेब तिथंच उभे होते. "अंकलजी, ये सोसायटी है, गोदाम नहीं," असं म्हणत त्यांनी हातात नोटीस ठेवली : जिन्यात अडथळा नको, आणि रविवारच्या सभेत ठराव करून गच्चीही पूर्ण रिकामी. जिन्याचं मला मान्य आहे. आग लागली तर भोपळ्यांवरून उड्या मारत कोण उतरणार? पण गच्चीवर कुणाच्या वाटेत येतो हो कोबी?

मी तावातावानं वर गेले. ठराव अजून झालेलाही नाही, आणि काका नोटिशीवर 'पाहिले' असं लिहून, सही करून, वेलांचे मांडव सोडवत होते.

"काका, विरोध करा ना!"

"ऑर्डर आहे गं."

"ही ऑर्डर नाही! तळमजल्यावरच्या एका माणसाचा कागद आहे हा!"

"सगळे कागद असेच असतात," काका म्हणाले. शेजारच्या टोपलीत मुठीएवढे फ्लॉवर पडले होते, तयार व्हायच्या पंधरा दिवस आधीच काढलेले. एवढ्या कोवळ्याचं काय करणार, मी विचारलं. त्यांनी एक उचलून हातात फिरवला.

"हे नाही साठवता येत," म्हणाले. "खाऊन टाकावे लागतील." एवढं म्हणून ते पुन्हा सुतळीच्या गाठी सोडायला लागले. कापल्या असत्या तर लवकर झालं असतं. पण सुतळी पुढं कामाला येते.

अर्धी गच्ची अजून उभी आहे. बाकीच्या घरांसाठी मी हिंदीत वेगळं पत्रक काढलंय, त्यात टोमणे कमी आहेत. हे आपल्या नऊ मराठी घरांसाठी. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये काकांची सही असलेली एक तरी बरणी आहे, नाही म्हणू नका. रविवारी सकाळी अकरा वाजता, खाली पार्किंगमध्ये सभा आहे. काका येणार नाहीत, ते बरण्या पुसत असतील. तुम्ही या. ठराव वाचला की विरोधात हात वर करा, आणि मोजणी होईपर्यंत खाली घेऊ नका.