पोटातल्या पाण्याची अडीच वर्षं

“दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि रिपोर्ट आमच्याकडे वळवला. मला त्यातलं अक्षर वाचता येईना. ह्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, “दोन्ही? मंग मी खुर्चीवर बसून कसा आहो?”

“काका, मलाही तेच नवल वाटतं आहे,” बाई म्हणाल्या.

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनीनं तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकायचा असतो. ह्यांच्या अंगात तो साठत गेला होता. दोन महिने पाय सुजत होते, जेवण कडू लागत होतं, जिना चढताना दम लागत होता. मी सगळं वयावर ढकललं. तुमच्या घरी कोणाच्या पायावर चपलेचा वळ उठत असेल तर वयावर ढकलू नका, रक्त तपासा.

आमच्या लग्नाला तेव्हा एकावन्न वर्षं झाली होती. हे नागपूरच्या लकडगंजात एका लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, चाळीस वर्षं होते. ओंडक्यावर बोटाचं पेर वाजवून आतून पोकळ आहे का ते सांगायचे. गिऱ्हाईक पोकळ ओंडका घेऊ लागलं तर मालकासमोर म्हणायचे, हा नका घेऊ. मालकानं दोनदा कामावरून काढलं आणि दोनदा घरी येऊन परत नेलं. मी तोंडाची फटकळ. हे सगळं ऐकून घ्यायचे आणि मग स्वतःला करायचं तेच करायचे. आमचं सुखाचं झालं. कसं झालं ते मला सांगता येत नाही.

आधी हिमोडायलिसिस केलं. त्यात शरीरातलं रक्त नळीनं बाहेर काढून मशीनमध्ये गाळतात आणि परत आत सोडतात. पहिल्याच दिवशी मशीनवर ह्यांचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं, डोळे फिरले. दुसऱ्या खेपेलाही तसंच. मग टू-डी इको केला. त्यात छातीवर जेल लावून हृदय कसं हलतं ते पडद्यावर पाहतात. हृदय थकलेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे मशीन ह्यांना झेपणार नाही. दुसरा एक रस्ता आहे, पण तो घरी चालायचा आहे.”

त्याचं नाव पेरिटोनिअल डायलिसिस. पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. बेंबीच्या बाजूला छोटं ऑपरेशन करून मऊ नळी बसवतात. तिच्यातून पिशवीतलं दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं. चारपाच तासांत रक्तातला कचरा त्या पडद्यातून पाण्यात उतरतो. मग ते पाणी रिकाम्या पिशवीत काढून नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, रोज.

“पडदा केवढा असतो?” मी विचारलं.

“पसरला तर साधारण अंगावरच्या सगळ्या कातडीएवढा,” बाई म्हणाल्या.

एवढी मोठी वस्तू ह्यांच्या पोटात घडी घालून ठेवलेली होती आणि एकावन्न वर्षं मी त्याच पोटासाठी भाकरी थापत होते. मला काही माहीत नव्हतं. त्या दिवशी मी घरी आल्यावर ह्यांच्याकडे नव्यानं पाहिलं.

शिकवायला एक सिस्टर होत्या. त्यांनी विचारलं, “आजी, किती शिकल्या तुम्ही?” मी म्हटलं, चौथी. त्या डॉक्टरीणबाईंकडे पाहू लागल्या. बाई म्हणाल्या, “चौथी पुरे. हात धुणं कॉलेजात शिकवत नाहीत.”

खरंच सगळं काम हातांचं होतं. कोपरापर्यंत साबण, बोटांच्या फटी, नखं, मग स्वच्छ पुसणं. तोंडाला मास्क. खिडकी बंद, पंखा बंद, म्हणजे धूळ उडत नाही. नळीच्या टोकाला बोट लावायचं नाही. निघालेलं पाणी उजेडात धरून पाहायचं. फिक्कं पिवळं आणि साफ असलं तर ठीक. गढूळ आलं तर पिशवी घेऊन तडक दवाखान्यात.

पाणी कोमट करून भरावं लागतं. मे महिन्यात तेवढी मेहनत वाचायची, कारण खोलीत ठेवलेली पिशवी आपोआप तापायची. पण कूलर बंद करून अर्धा तास बसणं म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. दोघंही घामानं निथळायचो. पोट भरलं की हे त्यावर बोटाचं पेर वाजवायचे आणि म्हणायचे, “पक्कं आहे. पोकळ नाही.”

असे आठ महिने गेले. मग मी चूक केली.

उन्हाळ्यात नळीभोवती घाम साचून कातडी लाल झाली. मी डब्यातली हळद काढली. गावाहून आणलेली, मी स्वतः कांडलेली.

“डॉक्टरीणबाईले फोन कर ना वं,” हे म्हणाले.

“हळद लावाले डॉक्टर लागते का? पोरीच्या गुडघ्याले जन्मभर काय लावलं मी?”

हळद शुद्ध, म्हणून त्या वेळी हातही नुसते पाण्याखाली धरले. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत तांदळाच्या धुवणासारखं पाणी आलं. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ह्यांचं पोट दुखत होतं, अंग तापलं होतं. धरमपेठेतून लेक आली आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उघडली. सगळं पिवळं. “हे कोणी लावलं?”

“मीच लावली,” हे म्हणाले. “हिनं नको म्हटलं होतं.”

मला खोटं ऐकून घेता येत नाही. मी म्हटलं, “मी लावली. फोन कर म्हणत होते ते.”

“तुमचं भांडण मग मिटवा,” बाई म्हणाल्या. “ह्याला पेरिटोनायटिस म्हणतात, म्हणजे त्या पडद्याला जंतूंची लागण. हळद स्वयंपाकात चांगली. पण ह्या नळीचं दार सरळ पोटात उघडतं. आता पिशवीतूनच अँटिबायोटिक देते. पाच दिवसांत पाणी साफ झालं नाही तर नळी काढावी लागेल.”

नळी काढली की परत मशीन. आणि मशीन ह्यांना झेपत नव्हतं.

पहिला दिवस. चारही पिशव्या गढूळ.

दुसरा दिवस. तसंच. ताप उतरला. मी डब्यातला डाळभात त्यांना भरवला आणि विचारलं, “काहून खोटं बोलले तुमी?”

“ते बाई तुह्यावर रागावली असती. तू तिले उलटून बोलली असती. मंग माह्यं पाणी कोणी बदललं असतं?”

“एवढा विचार केला?”

“तुह्यासंग राहाचं म्हणजे करा लागते.” आणि दुखऱ्या पोटानं हसले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्याचा जीव माझ्या हातानं टांगणीला लागला होता, तो माणूस माझ्या तोंडाची काळजी करत होता. देवळात जाऊन मला कधी जे वाटलं नाही, ते त्या खाटेपाशी वाटलं.

तिसरा दिवस. पाणी जरा पातळ झालं. सिस्टर म्हणाल्या, अजून आशा धरू नका. मी धरली.

चौथ्या दिवशी दुपारची पिशवी साफ आली. मी ती घेऊन सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. बाहेर रांग होती, रांग बोलली, मी ऐकलं नाही. बाईंनी पिशवी वर धरली, मग माझ्याकडे पाहिलं. “नळी राहू द्या,” म्हणाल्या. “आणि आजी, हळदीचा डबा स्वयंपाकघरातच ठेवा.” मी उलटून बोलले नाही.

त्यानंतर पावणेदोन वर्षं घरी गेली. एकदाही लागण झाली नाही. हे एक दिवसही म्हणाले नाहीत की आता पुरे, किंवा अजून किती. एका वर्षी रामटेकलाही जाऊन आलो. गड चढले नाहीत, खाली एका ओळखीच्या घरी खोली बंद करून पाणी बदललं. डॉक्टरीणबाई आणि सिस्टर, दोघींचे माझ्यावर उपकार आहेत. चौथी शिकलेल्या बाईच्या हातावर त्यांनी एक माणूस सोपवला.

गेले ते माघात, घरीच, दुपारी. अर्धी भाकरी आणि वरण खाल्लं, आडवे झाले, उठले नाहीत. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

आंघोळ घालायला शेजारची माणसं आली. मी म्हटलं, थांबा, पोटात पाणी आहे. कोपरापर्यंत हात धुतले. मास्क बांधला. खिडकी लावली, पंखा बंद केला.

लेक रडत म्हणाली, “आई, आता काहून हात धुऊन राहिली वं?”

“तुह्या बापाचं पाणी आहे,” मी म्हटलं. “नीटच काढणार.”

रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागला. पिशवी भरल्यावर मी ती दाराच्या उजेडात धरली. पाणी साफ होतं. माणसं खोळंबली होती. मी त्यांना खोळंबू दिलं आणि त्या पाण्याकडे बघत उभी राहिले.