पांदणीतला ट्रक

रिठदच्या शालिग्रामभाऊंना गाडी चालवता येत नाही, असं म्हणायची गावात कोणाची छाती नाही. माणसाची उमर ट्रॅक्टरवर गेली. कोणाची ट्रॉली चिखलात रुतली तर लोक आजही त्यांच्याच दाराशी येतात. त्यांच्या गाडीवर विश्वास नसलेली एकच व्यक्ती गावात आहे, आणि ती त्यांच्याच घरात राहते.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात शेतातून परतताना, पांदणीच्या कच्च्या शेतवाटेवर, वळणात बाभळीपाशी भाऊंची मोटरसायकल घसरली. भाऊ कपडे झटकत उठले. मागे बसलेल्या कस्तुराबाईंचं मात्र मनगट मोडलं. पुढे प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण बाई काही पुन्हा नवऱ्याच्या मागे बसल्या नाहीत. यावरून दोघांचं एकच भांडण चाले.

"चिखल होता," भाऊ म्हणत.

"चिखल तं रोजच राह्यते. तुमी वळणात ब्रेक दाबला."

"म्या नाही दाबला."

"मंग कोनं दाबला, मी?"

यापुढे ते भांडण कधी सरकलं नाही. बाई शेतात पायी जाऊ लागल्या, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत. भाऊ मोटरसायकल बैलगाडीच्या चालीने त्यांच्या बाजूने हाकत, मध्येच थांबत, मागचं रिकामं सीट हाताने पुसत. रिसोडच्या बाजाराला बाई हेमसिंगच्या जीपमध्ये बसत आणि भाऊ जीपच्या मागे एकटे. हेमसिंग फाट्यावर सगळ्यांदेखत विचारी, "भाऊ, पेट्रोल कायले जाळता? तुमीबी बसा ना जीपात." भाऊ हसून घेत. पण संसाराची इतकी वर्षं खांद्यावर असलेला हात एकाएकी नाहीसा झाला की माणसाला गाडीच हलकी लागते, आणि ते काही हेमसिंगला सांगता येत नाही.

दिवाळीला पुण्याहून मुलगा राजू आला. त्याने मुलीसाठी, निकितासाठी, रिमोटवर चालणारा ट्रक आणला होता. चांगला हातभर लांब, मोठ्या चाकांचा. पुण्याच्या फरशीवर तो वाऱ्यासारखा पळत असेल. पांदणीतल्या पहिल्याच चाकोरीत त्याने कोलांटी घेतली. पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या आता वाळून दगड झाल्या होत्या. "आबा, तुमचा रस्ताच खराब आहे," असं म्हणून निकिता मोबाइलकडे वळली आणि जाताना ट्रक इथेच ठेवून गेली.

भाऊंना या वाक्याने केवढा आनंद झाला. "आयकलं काय?" ते बायकोला म्हणाले. "पोरगीबी म्हनते, रस्ता खराब हाय."

बाई तूर पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "बाभळीच्या वळनातून हा ट्रक न पलटवता काढून दाखवा. त्या दिवशी बसीन तुमच्या मांगं."

झालं. एवढं ऐकल्यावर भाऊ कशाला गप्प बसतात?

त्यांनी ट्रक ओसरीत घेतला. आधी, ट्रॅक्टरवाला माणूस जे करील तेच त्यांनी केलं. काळ्या मातीत पकड यावी म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात. भाऊंनी इंजेक्शनच्या सिरिंजने ट्रकच्या टायरात पाणी भरलं. आत स्पंज असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. स्पंजाने पाणी प्यायलं, ते एका बाजूला गोळा झालं, आणि ट्रक लग्नातून रात्री उशिरा निघालेल्या पाहुण्यासारखा झुलत चालला. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मुगवड्यांच्या शेजारी चार स्पंज वाळत पडलेले पाहून कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग भाऊ शांत डोक्याने बसले. ट्रक पलटतो कारण त्याचं वजन वर आहे. म्हणून त्यांनी वरची जड टपाची जाळी काढून टाकली आणि लोखंडी पट्टी बुडाशी आवळली. स्प्रिंगा इतक्या कडक होत्या की प्रत्येक ढेकळावर चाक उडत होतं; त्या त्यांनी ढिल्या केल्या. चाकांच्या आत वॉशर टाकून चाकं जरा बाहेर काढली, उभं राहताना माणूस पाय फाकवतो तसं. रोज एक बदल करायचा आणि शेतातलं काम आटोपलं की पांदणीत जाऊन पाहायचं. एकदम दोन बदल करायचे नाहीत, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही, हे मात्र ट्रॅक्टरने त्यांना शिकवलं होतं.

हळूहळू ट्रक माणसात आला. ढेकळांवरून दबत, चाकोरी ओलांडत तो सरळ वाटेने असा पळायचा की शेळ्या बाजूला होत. पण बाभळीचं वळण आलं की धाडकन पालथा. रोज. भाऊंनी वळणातले खडे वेचले. एक दिवस तर खराट्याने वळण झाडून काढलं. पांदण झाडणारा माणूस रिठदने याआधी पाहिला नव्हता. तरी ट्रक पालथाच.

हरभरा खुडायला आला होता. त्या संध्याकाळी बाई ओटीभर हरभऱ्याची भाजी घेऊन बाभळीखाली गुडघा चोळत बसल्या होत्या. भाऊंनी ट्रक सोडला. ट्रक आला, वळणात शिरला आणि उलटला.

"रस्ताच," भाऊ पुटपुटले.

"अवो," बाई म्हणाल्या, "मी ट्रकाकडं नव्हती पाहत. तुमच्या बोटाकडं पाहत होती. पुन्ना सोडा, अन् तुमीबी बोटाकडंच पाहा."

भाऊंनी ट्रक सरळ करून मागे नेला, पुन्हा सोडला, आणि रिमोटच्या बंदुकीसारख्या घोड्यावरच्या आपल्या बोटावर नजर ठेवली. घोडा ओढला की ट्रक पळे, पुढे ढकलला की थांबे. वळण सुरू होताच बोटाने घोडा आपोआप पुढे ढकलला. तो ब्रेक होता. ट्रक उलटल्याचा आवाज त्यांनी न पाहता ऐकला.

त्यांनी ट्रक उचलून पुन्हा मागे नेला. मग त्यांनी तिसऱ्यांदा ट्रक सोडला, बोटाला बजावून. बोटाने ऐकलं नाही. वळण आलं की भीती वाटते, आणि भीती वाटली की हात दाबतो. विचारायला थांबत नाही. भाऊंना एकदम तो पावसाळी दिवस आठवला, बाभळीचं खोड समोर आलेलं आणि ब्रेकवरचा उजवा पाय. इतके महिने त्यांनी चिखल आठवला होता, पाय कधी आठवला नव्हता.

त्यांना फार वाईट वाटलं. बायकोचं मनगट समोरच होतं, हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्यांवर टेकलेलं, हाडापाशी जरासं वाकडं.

चौथ्या वेळी त्यांनी वळणाच्या बऱ्याच आधीच ट्रकचा वेग कमी केला. आणि वळण सुरू झालं तसं बोट घोड्यावरून काढून चक्क हवेत धरलं. ट्रक आपल्याच चालीने, जरा कलत, बाभळीला वळसा घालून पलीकडे गेला आणि बाईंच्या पायाशी येऊन थांबला.

"निंगाला," बाई म्हणाल्या.

भाऊ ट्रकामागून चालत आले. "पाह्यलं काय" नाही, "सांगलं होतं ना" नाही. बाईंनीही जिंकल्याचं तोंड केलं नाही. त्यांनी ट्रक उचलला, पदराने त्याच्यावरची माती पुसली, भाजीसोबत ओटीत घेतला आणि विचारलं, "गाडी कुठी उभी केली?"

गाडी धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी होती. भाऊंनी सीट पुसलं; ते रोजच पुसत. बाई बसल्या. पण हात त्यांनी सीटमागच्या कडीवर ठेवला, खांद्यावर नाही, आणि भाऊंना ते न पाहताच कळलं.

पांदणीने निघाले. बाभूळ दिसायला लागली तेव्हा भाऊंनी बऱ्याच आधीच गाडी हळू केली, इतकी हळू की पायी चालणारा पुढे गेला असता. मग वळण आलं. आणि भाऊंनी उजवा पाय ब्रेकवरून काढून बाजूला लांब केला, बाईंना नीट दिसेल असा, आणि अख्खं वळण तो तसाच अधांतरी धरून ठेवला.

बाभूळ मागे पडली.

"पाय ठेवा आता खाली," कस्तुराबाई म्हणाल्या. "पाह्यला म्या."

आणि त्यांचा हात कडीवरून सुटून भाऊंच्या खांद्यावर आला.