चौथ्या वाफ्याची माती

आमच्या उकंडामामाला मधली काही वर्षं एक खोड लागली होती. कोणी शेतीचं बोलो, लग्नाचं बोलो की मिरचीच्या भावाचं, मामा मध्येच म्हणायचा, "त्या वाफ्याची माती चांगली होती बरं!" ऐकणारा बुचकळ्यात पडायचा. कोणता वाफा, कुठली माती? नेरच्या पानठेल्यावरची माणसं एकमेकांकडे बघून हसायची. गुरुजींचं जरा सटकलं, असा त्यांचा हिशेब होता. सटकलं बिटकलं काही नव्हतं. मला तो वाफा ठाऊक होता, कारण त्याच अंगणातला पहिला वाफा माझा होता.

मामा प्राथमिक शाळेत मास्तर. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. या नावाची त्याला कधी लाज वाटली नाही. "उकिरड्यावरचं पोर हाय मी, कसदार हाय," असं वर्गात छातीवर हात मारून सांगायचा. आमच्या गावी शाळा नव्हती, म्हणून मी मामाकडे राहून शिकले. फुलसावंगीपासून दोन कोसांवरचं ते गाव. घरात तो मामा आणि शाळेत गुरुजी. घरी लाड करायचा आणि शाळेत ओळख नसल्यासारखा कान पिळायचा.

त्याला पुस्तकातलं झाड फळ्यावर काढून दाखवणं पटायचं नाही. झाड बाहेर उभं असताना फळ्याला कशाला त्रास, म्हणायचा. तो आम्हाला नाल्यावर न्यायचा, पळसाच्या मुळ्या उकरायला लावायचा, मुंग्या कुठल्या पानावर चढतात आणि कुठल्या टाळतात ते बघत बसवायचा. एक वाक्य तर आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. "डोयानं पाह्यलं ते सांगाचं. कानानं आयकलं ते घरी ठुवाचं." असा मास्तर पंचक्रोशीत नव्हता. हे मी भाची म्हणून सांगत नाही. भाची म्हणून जे सांगायचंय ते पुढे आहे.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर मामाने शाळेच्या अंगणात चार वाफे पाडले. तिसरी-चौथीच्या पोरांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीला एक वाफा दिला. लावायची वांगी. रोज बघायचं, मोजायचं, आणि जे दिसलं ते शनिवारी वर्गापुढे उभं राहून सांगायचं. पहिल्या वाफ्यात मी आणि तांड्यावरचा गुलाबसिंग होतो. चौथा वाफा सत्यशीलाच्या टोळीचा होता.

सत्यशीला डोमाजींची मुलगी. त्यांच्या वस्तीने दोन वर्षांपूर्वी बुद्धाची दीक्षा घेतली होती. डोमाजी शाळेत आले, हात न जोडता ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "गुर्जी, पोरीचं नाव आता सत्यशीला ल्याहा." मामाने आनंदाने लिहिलं. वर्गात त्याने सगळ्यांना एकाच पट्टीवर बसवलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. "माह्या शायेत भेद नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. तरी चौथ्या वाफ्यावर त्याच वस्तीतली चार पोरं तेवढी एकत्र आली. ती कशी आली, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

वांगी लागली. तीन वाफे तरारले आणि चौथा मरगळला. पानं पिवळी पडली, कडा करपल्या. मामाने टाळी वाजवून सांगितलं, "झ्याक! आता शोधा काहून असं झालं. पन एका टायमाले एकच गोष्ट बदलाची, नाहीतं काहीच समजनार नाही."

आम्ही शोधाने वेडे झालो. सत्यशीला सगळ्यांत पुढे. तिने आपल्या वाफ्यातली दोन मरतुकडी रोपं आमच्या वाफ्यात आणून लावली. आठवड्यात ती टवटवीत झाली. म्हणजे रोपात खोट नव्हती. मग ती आणि तिचा धाकटा भाऊ श्रावण टोपलीने आपली माती वाहून आणायला लागले. आमच्या वाफ्याचा एक कोपरा उकरून त्यात त्यांची माती भरली आणि आमचीच रोपं त्या मातीत लावली. ती रोपंही जोमाने वाढली. सत्यशीलाने ती माती हातात चुरली, तिचा वास घेतला, जिभेला लावून थुंकली आणि शनिवारी वर्गापुढे सांगितलं, "माती चांगली हाय गुर्जी." खताचंही झालं, सावलीचंही झालं. काही केल्या चौथा वाफा उभा राहीना.

मग एका शनिवारी ती उठली. "गुर्जी, रोप बदललं, माती बदलली, खत बदललं. पानी राह्यलं. पानी बदलून पाहू."

मामा हसला. "पानी कसं बदलन व बाई? इहीर तं एकच हाय."

"इहीर एक हाय गुर्जी. पन आमाले वाढते दुसरे. पंधरा दिवस आमचं पानी आमी काढतो. अन् पयल्या वाफ्याले आमच्यासारखं द्या, घंटी झाल्यावर, टिनात वरून वतून. मंग समजन."

वर्गात एकच कल्ला उठला. गुलाबसिंग तर पट्टीवरून उडी मारून उठला. "चालते! पाहू कोनाचं मरते ते!" त्याला आपला वाफा पणाला लागतोय याचंसुद्धा भान नव्हतं. आम्हाला तो प्रयोग दिसत होता, बाकी काही नाही. मी मामाकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता.

विहीर शाळेच्या आवारात होती, पण ती पंजाबराव पाटलांनी वडिलांच्या नावाने खोदून दिलेली. देताना त्यांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गुर्जी, शाया तुमची. पन दोराले सगळ्यायचे हात लागले तं गाव माह्यावर बोलन. तेवढं सांभाया." मामाने मान डोलावली. तेव्हापासून चौथ्या वाफ्याची पोरं टिन जमिनीवर ठेवून लांब उभी राहायची. ज्याची पाळी असेल तो आपले वाफे भिजवून झाल्यावर त्यांच्या टिनात वरून पाणी ओतायचा. अर्धं सांडायचं. पुष्कळदा तोवर घंटा व्हायची आणि बादली तिथेच टाकून सगळे घरी पळायचे. हे रोज आमच्या डोळ्यांसमोर चालायचं आणि आमच्यापैकी कोणाला ते दिसत नव्हतं. मामाला मात्र दिसत होतं. पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पोरांना माती जिभेला लावायला सांगताना त्याला उत्तर ठाऊक होतं.

"पाहू मंग," मामा म्हणाला. "पाटलाले इचाराव लागन."

त्याने विचारलं नाही. महिना गेला. सत्यशीला दर शनिवारी उठून "गुर्जी, पान्याचं?" म्हणायची आणि मामा "पाहू" म्हणून दुसऱ्या टोळीकडे वळायचा. गंमत अशी, की त्या सबंध हिवाळ्यात पाटील एकदाही विहिरीकडे फिरकले नाहीत. दोरावर पहारा ठेवायला त्यांचा गडीसुद्धा आला नाही. पहारा मामाच देत होता.

मग डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार असं कळलं. बैलांच्या दमणीतून उतरून ते थेट वाफ्यांकडे आले. मास्तराच्या या उद्योगाची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. तीन वाफ्यांत जांभळी वांगी लटकत होती. साहेब खूश झाले. चौथ्यापुढे येऊन थबकले. तिथे नुसत्या वाळक्या काड्या होत्या.

"हा का वाळला?"

मामाने घसा साफ केला. "साहेब, त्या वाफ्याची माती जरा खराब निघाली."

मी दोन हातांवर उभी होते. कानावर विश्वास बसेना. साहेब सत्यशीलाकडे वळले. "हा तुझा वाफा ना ग? तू स्वतः तपासलीस माती?"

तिने मामाकडे बघितलं. मामाच्या डोळ्यांत नुसती गयावया होती. एवढा मोठा माणूस दहा-अकरा वर्षांच्या पोरीकडे तसा बघत होता आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. माझ्या मामाची मला लाज वाटली. त्याआधी कधी वाटली नव्हती.

सत्यशीला म्हणाली, "हो साहेब. माती खराब हाय."

"शाबास! याला म्हणतात प्रयोग," साहेबांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि मामाच्या शाळेबद्दल चांगले चार शब्द बोलून ते दमणीकडे निघाले. मामा त्यांच्या मागे लगबगीने गेला. श्रावण लहान, त्याला काही समजलं नव्हतं. त्याने बहिणीची बाही ओढली. "बाई, माती तं चांगली होती नं?"

"चूप राह्य," ती म्हणाली. मामाच्या कानावर ते गेलं. मागे वळून न बघता त्याची मान खाली गेली, एवढं मी पाहिलं.

घरी आल्यावर मी धुरपतामामीला सगळं सांगून टाकलं. मामी शाळेत गेलेली नव्हती, पण मामाची वाक्यं ऐकून ऐकून तिला वर्गातल्या पोरांहून पक्की पाठ होती. मामा जेवायला बसला. तिने भाकर वाढली आणि विचारलं, "तुमच्या डोयानं काय पाह्यलं होतं, अं?"

मामाने घास खाली ठेवला. "मले भेव वाटलं," तो म्हणाला. "शाया बंद पाडतीन म्हनून..."

"त्या पोरीले नसन वाटलं भेव?" मामी म्हणाली. मामा ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने बादली आणि दोर स्वतः उचलून सत्यशीलासमोर नेला. सगळी शाळा बघत होती. "घे बाई. पानी तुमीच काढा. पंधरा दिवस काय, रोजच काढा."

तिने बादलीकडे बघितलं. "आता कायले गुर्जी? रोपं तं वायले."

तरी तिने दोर घेतला. एक बादली शेंदली, त्या वाळक्या काड्यांच्या मुळाशी सावकाश ओतली आणि दोर नीट गुंडाळून ठेवला. तोंडावर राग नव्हता, आनंद तर नव्हताच.

यावर गावात काय झालं? चार घरांनी आठवडाभर पोरं शाळेत पाठवली नाहीत, मग पाठवली. एक म्हातारा पारावर कुरकुरला. पाटील वाटेत भेटले तेव्हा "गुर्जी, आगुदर इचारलं तं असतं," म्हणाले आणि पुढे गेले. सगळीकडे असं सुखरूप झालं नाही. दुसऱ्या एका गावात अशाच कारणावरून मास्तराला बिऱ्हाड हलवावं लागल्याचं मी पुढे ऐकलं. पण मामाच्या वाट्याला एवढंच आलं. आणि तेच त्याला पचेना. घरी येऊन तो ओट्यावर बसला आणि मामीला म्हणाला, "एवढंच होतं काय व? एवढ्यासाठी म्या त्या पोरीले खोटं बोलाले लावलं?"

"साहेबाले जाऊन सांगा," मामी म्हणाली.

"पुढच्या तपासनीले सांगतो."

पुढच्या तपासणीला दुसरेच साहेब आले. ते वाफ्यांकडे गेलेच नाहीत, खोलीत बसून चहा पिऊन परतले. तोवर सत्यशीलाही चौथी पास होऊन फुलसावंगीच्या शाळेत गेली होती. मामाची बदली नेरकडे झाली. तिथेही त्याने वाफे पाडले, पण पाणी ज्याचं त्याने काढायचं, हा नियम पहिल्या दिवशी सांगून. माती चांगली असल्याचं तो तेव्हापासूनच सांगायला लागला. नव्या मास्तरांना, व्याह्यांना, एसटीत शेजारी बसलेल्याला. ज्याला सांगायचं त्याला सोडून सगळ्यांना.

सहासष्ट सालच्या दिवाळीला मी माहेरपणाला मामाकडे गेले होते. मला गाडीत बसवून द्यायला तो नेरच्या स्टँडवर आला. यवतमाळहून अमरावतीला जाणारी गाडी लागली होती. खिडकीतून कोणीतरी हाक मारली, "गुर्जी!" बघते तर सत्यशीला. पांढरं लुगडं, दोन वेण्यांची आता एक झालेली. अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला निघाली होती. खाली उतरून ती मामाच्या पाया पडली, मला मिठी मारली, श्रावण मॅट्रिकला बसलाय म्हणून सांगितलं.

मामा तिच्यापुढे दोन पावलं सरकला. इतकी वर्षं जगाला सांगून झालेलं ते वाक्य खऱ्या माणसापुढे त्याच्या तोंडातून निघेना. शेवटी निघालं. "बाई, त्या वाफ्याची माती चांगली होती."

सत्यशीला म्हणाली, "मले ठाऊक हाय गुर्जी. म्याच तं तपासली होती."

"नाही, म्हंजे म्या त्या दिवशी..."

"मले कायले सांगता?" ती हळूच म्हणाली, मोठ्या माणसाला समजावतात तसं. "साहेबाले सांगाचं होतं."

कंडक्टरने घंटी मारली. ती चढली आणि खिडकीतून हात हलवत गेली. मामा तिथेच उभा राहिला, माझी गाडी लागली तरी. त्यानंतर तो पुष्कळ जगला, पण ते वाक्य पुन्हा कोणी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.