आवाज काढल्याशिवाय पाणी नाही

माजलगावाहून बीडकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर, सुंदरराव पाटलाच्या बांधाला एक कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली म्हाळू मेंढक्यानं सतरा उन्हाळे पाणपोई चालवली. आता निजामाच्या राज्यात पाणपोया काय कमी होत्या? पुण्य कमवायची हौस असलेला जो तो रांजण मांडून बसायचा. पण म्हाळूची पाणपोई म्हणजे भलतंच प्रकरण. तिथं तहानलेल्या माणसाला आधी कुठल्यातरी जनावराचा आवाज काढावा लागायचा. आवाज नाही, तर पाणी नाही. आणि ही पाणपोई पहिल्याच उन्हाळ्यात बुडायला आली होती, ती निव्वळ म्हाळूच्या अकलेनं. ऐका.

म्हाळूला एकच लेक, साखरा. नऊ वर्षांची. तिच्या मानेत गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, मग कवठाएवढी. आईनं, म्हणजे ताराबाईनं, लेप लावले, अंगारे लावले, देवाला कोंबडं बोललं. शेवटी बीडला नेलं, तर हकिमानं गाठीवर बोट ठेवलं आणि ‘सरतान’ म्हणून मान हलवली. आता त्याला कॅन्सर म्हणतात. इलाज नव्हता. घरात पोरीचा जीव कोंडायचा, म्हणून ताराबाई तिला त्या झाडाखाली घोंगडीवर बसवायची, शेजारी पाटलानं दिलेला रांजण. पोरगी बसल्या जागी वाटसरांना पाणी द्यायची, आणि फुकट कशाला द्यायचं म्हणून आधी आवाज काढायला लावायची. उन्हाळा सरायच्या आत ती गेली. लई गोड पोर होती हो. अजून वाईट वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात म्हाळूनं मेंढरं भावाच्या हवाली केली आणि झाडाखाली येऊन बसला. लेकीच्या नावानं पाणपोई, लेकीच्याच रीतीनं. ‘साखराची पाणपोई’ हे नाव लोकांच्या तोंडी राहिलं तर पोरगी राहिली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण म्हाळू माणूस कसा? एका लग्नात नवरदेव घोड्यावरून पडला, तेव्हा सगळा गाव पोट धरून हसला आणि यानं जाऊन घोड्याचा खूर तपासला. वर कान असा, की दोनशे मेंढरांतली कुठली ओरडली ते डोळे मिटून सांगायचा. असा माणूस आवाज घ्यायला बसला, मग व्हायचं ते झालं.

पहिला आला त्रिंबक वाणी, घामानं निथळत. नियम त्याला ठाऊक होता. त्यानं खुशीत आवाज दिला, “बेंऽऽ!”

म्हाळूनं तांब्या खाली ठेवला. “हे काय हुतं?”

“मेंढी की.”

“मेंढी न्हाई. पोट फुगलेलं बोकड हाय. पुन्ना काढा.”

त्रिंबकनं सात वेळा काढला. सातव्याला म्हाळूनं ‘आजारी मेंढी’ म्हणून कशीबशी मान्य केली आणि अर्धा तांब्या पाणी दिलं. मग आली केसरबाई कुंभारीण. तिनं गाढव काढलं. घरचंच जनावर, रोजचं ऐकणं, बाई निर्धास्त. म्हाळू म्हणाला, “हे सकाळचं गाढव हाय केसरबाई. आता दुपार हाय.” त्यावर केसरबाई जे बोलली ते सांगण्यासारखं नाही.

आणि मग आला शेतसाऱ्याची तपासणी करणारा सरकारचा गिरदावर. रुमी टोपी, घोडा, कपाळावर आठ्या. “बे मेंढक्या, पानी दे जल्दी!”

“आवाज काढा, सायब.”

“कसला आवाज बे?”

तेवढ्यात घोडा खिंकाळला. म्हाळू उठला, बादली भरली आणि घोड्यापुढं ठेवली. “ह्यानं बराबर काढला,” तो म्हणाला. गिरदावर कोरड्या घशानं तसाच पुढं गेला आणि पाटलाच्या दारात असा काही ओरडला, की तोच आवाज म्हाळूपुढं काढता तर अख्खा रांजण मिळाला असता.

झालं! माणसं नदीच्या अंगानं लांबची वाट धरायला लागली. तहान परवडली, पण परीक्षा नको. आठ दिवस रांजण काठोकाठ भरलेला. मग पाटील स्वतः आला. “म्हाळू, लई शाना झालास. उद्या बाजार हाय. उद्या सांजेपतुर मानसं हितं पानी प्याली न्हाईत, तर परवा मी रांजण उचलून न्हेतो.” रांजण गेला की साखराचं नाव गेलं, दुसरं काय?

रात्री वळवाचा पाऊस झाला, आणि बाजाराच्या दिवशी नदीकडची वाट चिखलानं बंद होती, म्हणून गाड्या झाडाजवळूनच चालल्या होत्या. पण थांबतंय कोण? त्रिंबकनं तर गाडीत बसल्या बसल्या पागोट्याचा सोगा तोंडावर ओढला. दुपारी ताराबाई भाकरी घेऊन आली.

“आवो, लोकं कावून थांबंनात?”

“खोटे आवाज काढत्यात,” म्हाळू म्हणाला. “साखराचा नियम हाय. मी ढिला सोडायचा न्हाई.”

ताराबाईनं कपाळाला हात लावला. “बराबर आवाज पायजे, असं तुमाला कोनी सांगितलं?”

“मग कशाला काढायचा?”

“आवो, हासायला! मानूस जेवढं वंगाळ वरडंल, तेवढी माजी बाय हासायची. हासताना गाठ दुखत न्हाई म्हनायची.”

म्हाळूनं हातातली भाकरी खाली ठेवली. त्याला हे ठाऊकच नव्हतं. तो सबंध उन्हाळा तो मेंढरांमागं गोदाकाठी होता; नियम त्यानं लोकांच्या तोंडून ऐकला होता. त्या उन्हाळ्यात लेकीला हसताना त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. लाजेनं त्याची मान वर होईना.

“मला पानी पायजे,” ताराबाई म्हणाली. “पन आवाज आज तुमी काढायचा. मेंढी.”

जन्म मेंढरांत गेला, पण म्हाळू स्वतः कधी मेंढीसारखा ओरडला नव्हता. कशाला ओरडेल? त्यानं घसा खाकरला, मिशा सारल्या आणि तोंड उघडलं. जे बाहेर आलं त्यानं वाटेवरचे बैल जागीच थांबले. त्रिंबकनं तोंडावरचा सोगा काढला. “म्हाळू, हे तर मेलेलं बोकड हाय बे!” गाड्यांतली माणसं खो खो हसत खाली उतरली. ताराबाईनं तोंडाला पदर लावला, तरी हसू आवरेना. वर्षभरात ती पहिल्यांदा हसत होती.

म्हाळू तिच्याकडं बघतच राहिला. “अशीच हासायची का गं ती?”

“अशीच,” ताराबाईनं डोळे पुसले. “मग म्हनायची, आबा आले की त्येंच्याकडून मेंढी काढून घिऊ. लई हासू.”

माणसं रांजणाभोवती ओंजळी धरून उभी होती. म्हाळूच्या मिशा भिजल्या होत्या, नाक वाहत होतं. त्यानं तांब्या ताराबाईच्या हातात दिला, साखरा बसायची त्या बुंध्याकडं तोंड केलं, आणि जेवढं वाईट ओरडता येईल तेवढं वाईट ओरडला.